इंजिनाच्या माथ्यावरचा इतिहास : मसल कारसाठी सिलिंडर हेड निवडताना

१/
१९६८ च्या ट्रान्स-ॲम शर्यतमालिकेसाठी फोर्ड कंपनीने आपल्या मस्टँग गाड्यांना एक नवे सिलिंडर हेड दिले. त्यातले हवेचे मार्ग एवढे प्रशस्त होते की कागदावर त्याला तोड नव्हती. समोर होती शेवरोलेची कमॅरो; तिचे हेड मुळात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ओतलेले. त्या मोसमात तेरा शर्यती झाल्या आणि त्यांतल्या दहा एकट्या मार्क डॉनह्यू या कमॅरोचालकाने जिंकल्या. अधिक हवा घेऊ शकणारे हेड हरले कसे? जुन्या मसल कारचे इंजिन नव्याने बांधणाऱ्या प्रत्येकाला आजही याच प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते. त्यासाठी या एका भागाचा इतिहास पाहू.

२/
आधी संज्ञा स्पष्ट करू. पिस्टन ज्यात वरखाली होतात ते बिडाचे धड म्हणजे ब्लॉक. त्यावर बोल्टांनी आवळून बसवलेला माथा म्हणजे सिलिंडर हेड. व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, म्हणून हेडही दोन. हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत येण्याचा मार्ग, जळालेला वायू बाहेर जाण्याचा मार्ग, या मार्गांची दारे असलेले व्हॉल्व्ह आणि ठिणगी पडते तो दहनकक्ष, हे सारे आधुनिक इंजिनात हेडमध्येच असते. इंजिनाची छाती केवढी हे ब्लॉक ठरवतो; त्या छातीत श्वास किती आणि कसा भरेल हे हेड ठरवते.

३/
नेहमी असे नव्हते. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य ग्राहकाला परवडेल असे व्ही-८ इंजिन बाजारात आणले : २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, आणि ६५ अश्वशक्ती. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरांच्या बाजूला होते. हेड म्हणजे केवळ सपाट झाकण. म्हणूनच या इंजिनाला ‘फ्लॅटहेड’ हे नाव पडले. रचना स्वस्त आणि साधी होती. पण हवेला वळसे घेत आत यावे लागे आणि तप्त धूर ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडे. त्यामुळे इंजिन लवकर तापे. तरीही कॅलिफोर्नियातील हौशी तरुणांनी हेच इंजिन डोक्यावर घेतले. व्हिक एडलब्रॉक यांच्यासारख्या कारागिरांनी त्यासाठी ॲल्युमिनियमचे हेड ओतले आणि सुट्या भागांचा एक नवा उद्योग उभा राहिला.

४/
याच फ्लॅटहेडवर एका स्थलांतरिताने वेगळा प्रयोग केला. ब्रुसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेले झोरा आर्कस-डंटॉव्ह आणि त्यांचे बंधू युरा यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये ‘आर्डन’ नावाचे हेड तयार केले. त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर, अर्धगोलाकार दहनकक्षात नेले होते. मूळ हेतू मालमोटारींच्या तापणाऱ्या इंजिनांवर उपाय शोधण्याचा होता. ते लोकप्रिय मात्र झाले वेगाच्या वेडापायी. जुन्या धडावर नवा माथा बसवून इंजिनाचा स्वभाव पालटता येतो, हे आर्डनने ठळकपणे दाखवले. झोरा १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखल झाले आणि पुढे कॉर्व्हेट या गाडीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

५/
हेडच्या इतिहासाचा दुसरा धागा इंधनाचा आहे. पिस्टन खाली असताना सिलिंडरात जेवढी जागा असते आणि पिस्टन वर आल्यावर जेवढी उरते, त्यांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. हे गुणोत्तर जितके जास्त, तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. पण मर्यादेबाहेर दाबलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकते, इंजिन ‘ठोकू’ लागते आणि पिस्टन फुटूही शकतात. १९३२ च्या फोर्डचे गुणोत्तर जेमतेम ५.५ होते. त्या काळचे पेट्रोल फार दाब सोसत नसे.

६/
जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये यावर तोडगा सापडला : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. पेट्रोलात ते अत्यल्प मिसळले तरी ठोकणे थांबे. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात असे पेट्रोल प्रथम विकले गेले. किंमत लगेच दिसली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. मरण्यापूर्वी त्यांना भ्रम होऊ लागले होते. तरीही शिसे पेट्रोलात राहिले. पुढच्या पन्नास वर्षांतल्या प्रत्येक शक्तिमान अमेरिकी इंजिनाच्या हेडमागे हे शिसे उभे आहे.

७/
दुसऱ्या महायुद्धानंतर चांगले पेट्रोल मुबलक झाले आणि फ्लॅटहेडचे दिवस भरले. १९४९ मध्ये ओल्ड्समोबिलने ‘रॉकेट’ आणि कॅडिलॅकने आपले नवे व्ही-८ इंजिन आणले. दोहोंत व्हॉल्व्ह हेडमध्ये, सिलिंडरांच्या वर होते. रॉकेट ३०३ घन इंचांचे, १३५ अश्वशक्तीचे, गुणोत्तर ७.२५. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण रचना अशी होती की पेट्रोल सुधारत जाईल तसे गुणोत्तर वाढवता यावे. १९५१ मध्ये क्रायस्लरने अर्धगोलाकार दहनकक्षाचे ‘फायरपॉवर’ इंजिन काढले : ३३१ घन इंच, १८० अश्वशक्ती. अर्धगोलाला इंग्रजीत हेमिस्फिअर म्हणतात. त्यावरून या घराण्याला ‘हेमी’ हे नाव मिळाले.

८/
हेमीचे तत्त्व सोपे होते. घुमटाकार कक्षात आत घेणारा व्हॉल्व्ह एका उतारावर आणि बाहेर सोडणारा समोरच्या उतारावर बसतो. दोघांनाही भरपूर जागा मिळते, म्हणून व्हॉल्व्ह मोठे करता येतात. हवा एका बाजूने जवळपास सरळ आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने निघून जातो. पण या सोयीसाठी प्रत्येक हेडवर रॉकरचे दोन दांडे लागत. हेड रुंद, जड आणि महाग होई. उत्तम श्वासाची किंमत वजनात व पैशात मोजावी लागते, हा हिशेब इथून पुढे प्रत्येक कंपनीला मांडावा लागला.

९/
शेवरोलेने तो हिशेब उलट बाजूने मांडला. मुख्य अभियंता एड कोल यांच्या नेतृत्वाखाली १९५५ मध्ये २६५ घन इंचांचे छोटेखानी व्ही-८ अवतरले. पत्रा दाबून घडवलेले हलके रॉकर, पाचरीच्या आकाराचा साधा दहनकक्ष आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना चालणारे एकच हेड. गुणोत्तर ८, अश्वशक्ती १६२. हे ‘स्मॉल ब्लॉक’ पुढे २८३, ३२७, ३५० अशा आकारांत वाढत गेले. पण हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी चार दशकांहून अधिक काळ तीच राहिली. म्हणून १९६९ च्या ब्लॉकवर १९९६ चे हेड बसू शकते. निवडीचा प्रश्न एवढा मोठा झाला तो या सातत्यामुळे.

१०/
१९६४ मध्ये पाँटिॲकने एक धाडस केले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. ते डावलून टेम्पेस्ट या गाडीत ३८९ घन इंचांचे इंजिन ‘जीटीओ’ या पर्यायाच्या नावाखाली बसवले गेले. मध्यम गाडी, मोठे इंजिन, तरुणाच्या खिशाला झेपेल अशी किंमत : मसल कारचे सूत्र ठरले. आता प्रत्येक कंपनीला शर्यतीतला विजय हवा होता, कारण रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी विकली जाते असा समज होता. आणि शर्यतीची लढाई हेडमध्ये लढली जात होती.

११/
२३ फेब्रुवारी १९६४, डेटोना ५००. क्रायस्लरने ४२६ घन इंचांचे नवे हेमी मैदानात उतरवले. रिचर्ड पेटी यांच्या प्लिमथने २०० पैकी १८४ फेऱ्यांत आघाडी राखून शर्यत जिंकली; दुसरा आणि तिसरा क्रमांकही हेमीच्याच प्लिमथ गाड्यांचा. फोर्डने उत्तरादाखल हेडवरच कॅमशाफ्ट असलेले ४२७ घन इंचांचे इंजिन तयार केले. नॅसकार या शर्यतसंस्थेने १९६५ साठी असे नियम केले की दोन्ही अस्त्रे म्यान करावी लागली. क्रायस्लरने शर्यतींवर बहिष्कार घातला. पुढे १९६६ मध्ये ४२६ हेमी सामान्य ग्राहकालाही मिळू लागले, तेही ४२५ अश्वशक्तीच्या दाखल्यासह. रस्त्यावरच्या हेमीमागे शर्यतीच्या नियमपुस्तकाचा मोठा वाटा आहे.

१२/
आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. ट्रान्स-ॲम मालिकेत इंजिनाला ३०५ घन इंचांची मर्यादा होती. शेवरोलेने ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँकशाफ्ट बसवून ३०२ घन इंच साधले आणि कमॅरो झेड/२८ तयार झाली. तिचे हेड स्मॉल ब्लॉकच्या नेहमीच्या घराण्यातले. आत घेणारा व्हॉल्व्ह २.०२ इंचांचा. फोर्डने ३०२ घन इंचांच्या इंजिनाला ‘टनेल-पोर्ट’ हेड दिले. त्यात हवेचा मार्ग इतका रुंद व सरळ होता की व्हॉल्व्ह उघडणारा पुशरॉड त्या मार्गाच्या मधूनच, एका नळीत घालून न्यावा लागला.

१३/
टनेल-पोर्टची ताकद केवळ मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपास आणि त्यापुढे जागी होई. चालकाला इंजिन सतत त्या टोकावर ठेवावे लागे. वळणातून बाहेर पडताना, जिथे शर्यत खरी जिंकली जाते, तिथे जोर अपुरा पडे. आणि टोकावर ठेवलेली इंजिने मोसमभर फुटत राहिली. कमॅरोच्या यशात रॉजर पेन्स्की यांच्या चमूच्या काटेकोर तयारीचाही मोठा वाटा होता, हे मान्य करायलाच हवे. पण फोर्डचा निष्कर्ष बोलका आहे : हे हेड पुढच्या मोसमात दिसले नाही. अति तिथे माती, हे बिडाच्या ओतकामालाही लागू पडते.

१४/
असे का होते? बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी वेगाने दूर जाते. अंगठा काढला की तेच पाणी पायाशी सांडते. हवेच्या मार्गाचेही तसेच आहे. इंजिन संथ फिरताना रुंद मार्गातली हवा रेंगाळते. पेट्रोलाचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगण्याऐवजी भिंतींना चिकटतात आणि मिश्रण बिघडते. वेगवान प्रवाहाला स्वतःचा रेटा असतो. पिस्टन वर वळल्यानंतरही काही क्षण तो हवा आत ढकलत राहतो. संथ प्रवाहाला तो रेटा नसतो. म्हणून किती हवा जाऊ शकते, या प्रश्नाइतकाच ती कोणत्या वेगाने जाते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे इंजिनाचा आकार आणि फेऱ्या पाहून मार्ग निवडावा.

१५/
फोर्डने १९६९ मध्ये बॉस ३०२ काढली. तिच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह तिरके बसवले होते, त्यामुळे मोठ्या व्हॉल्व्हलाही मार्गाचे वळण सौम्य मिळे. आत घेणारा व्हॉल्व्ह २.२३ इंचांचा होता. पुढच्याच वर्षी फोर्डने तो २.१९ इंचांवर आणला. म्हणजे स्वतः निर्मात्यानेच माप घटवले. १९७० चे ट्रान्स-ॲम विजेतेपद फोर्डला मिळाले. त्या एका बदलाने ते मिळाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दिशा कोणती होती ते त्यातून कळते.

१६/
याच तिरक्या व्हॉल्व्हचे हेड ३५१ ‘क्लीव्हलँड’ इंजिनावर दोन प्रकारांत आले. एकाचे मार्ग प्रचंड, व्हॉल्व्ह २.१९ इंचांचा, दुसऱ्याचे मार्ग लहान, व्हॉल्व्ह २.०४ इंचांचा. कीर्ती पहिल्याला मिळाली. मात्र रोजच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या अनेक जाणकारांचा कल ऑस्ट्रेलियात ३०२ घन इंचांच्या क्लीव्हलँडसाठी ओतलेल्या हेडकडे झुकला. त्यात लहान मार्ग आणि लहान, आटोपशीर दहनकक्ष असा मेळ होता. अमेरिकी इंजिनासाठी हेड ऑस्ट्रेलियातून मागवले जाऊ लागले, ही गोष्ट आकाराच्या मोहावर पुरेसे भाष्य करते.

१७/
शिशाच्या पेट्रोलाचा कळस १९७० मध्ये झाला. त्या वर्षीच्या कॉर्व्हेटमधील एलटी-१ इंजिन पाहा : ३५० घन इंच, संपीडन गुणोत्तर ११, नोंदलेली शक्ती ३७० अश्वशक्ती. १९७१ मध्ये त्याच इंजिनाचे गुणोत्तर ९ झाले आणि शक्ती ३३०. १९७२ मध्ये गुणोत्तर ९ च राहिले, तरी आकडा २५५ वर आला. या शेवटच्या घसरणीने अनेकांची फसगत होते. १९७२ पासून शक्ती मोजण्याची पद्धत बदलली : आधी इंजिन पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजत, आता सर्व जोडून मोजू लागले. आकड्यांची तुलना करण्याआधी मोजपट्टी कोणती होती ते विचारणे, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला धर्म.

१८/
गुणोत्तर उतरवण्याचा निर्णय मात्र खरा होता, आणि तो घेणारा माणूस होता एड कोल : १९५५ च्या स्मॉल ब्लॉकचा जनक, आता जनरल मोटर्सचा अध्यक्ष. १९७१ पासून कंपनीची इंजिने कमी ऑक्टेनच्या, शिसेविरहित पेट्रोलावर चालतील असे त्यांनी १९७० मध्ये जाहीर केले. ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र येऊ घातले होते आणि शिसे त्या यंत्राला निकामी करते. मसल कारच्या चाहत्यांना हा घात वाटला. शहरातल्या मुलांच्या रक्तात साठणाऱ्या शिशाच्या बाजूने पाहिले, तर तो फार उशिरा आलेला न्याय होता.

१९/
हा पालट हेडमध्ये स्पष्ट वाचता येतो. १९६० च्या दशकातील स्मॉल ब्लॉकच्या नामांकित हेडचा दहनकक्ष साधारण ६४ सीसीचा. १९७१ नंतर ३५० घन इंचांच्या इंजिनावर ७६ सीसीच्या आसपासचे कक्ष रूढ झाले. शिसे जळून व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक संरक्षक थर देत असे. तो जाणार म्हणून बैठका कठीण करण्यात आल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वजन वाचवण्यासाठी भिंती पातळ झाल्या. ‘८८२’ या अंकांवर संपणारे त्या काळातील हेड तडे जाण्यासाठी आजही कुप्रसिद्ध आहे.

२०/
अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलावर १ जानेवारी १९९६ पासून बंदी आली. (भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून आले.) आणि त्याच १९९६ च्या मॉडेल-वर्षात शेवरोलेच्या पिकअप मालमोटारींवर ‘व्हॉर्टेक’ हेड आले : साधे बीड, ६४ सीसीचा कक्ष, आत घेणारा व्हॉल्व्ह केवळ १.९४ इंचांचा. प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर या मालवाहू हेडने साठच्या दशकातील २.०२ इंची व्हॉल्व्हच्या नामवंत हेडलाही मागे टाकले. व्हॉल्व्ह लहान, पण मार्गाचे वळण आणि कक्षाचा आकार अधिक अभ्यासपूर्ण. मधल्या तीन दशकांत हवेविषयीचे ज्ञान वाढले होते, आणि स्वच्छ धुराच्या सक्तीनेच ते वाढवले होते.

२१/
आता प्रत्यक्ष निवड. १९६९ च्या कमॅरोतले ३५० घन इंचांचे इंजिन समोर आहे असे धरू. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ७१७ सीसी. पिस्टनच्या माथ्यावरील खाचा, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरची फट यांचे मिळून २० सीसी धरा. हेडचा कक्ष ६४ सीसीचा असेल तर वर उरलेली जागा ८४ सीसी. गुणोत्तर ८०१ भागिले ८४, म्हणजे सुमारे ९.५. कक्ष ७६ सीसीचा असेल तर जागा ९६ सीसी आणि गुणोत्तर जेमतेम ८.५. अवघ्या १२ सीसीचा, म्हणजे अडीच चहाच्या चमच्यांचा फरक, आणि इंजिन १९६० च्या दशकातून सत्तरच्या दशकात जाऊन पडते.

२२/
म्हणून पहिला प्रश्न पेट्रोलाचा. जुन्या ११ गुणोत्तराची नक्कल आजच्या पंपावरच्या पेट्रोलावर बिडाच्या हेडला सहसा पेलत नाही. साडेनऊच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. ॲल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर वाहून नेते, त्यामुळे अर्धा ते एक अंक वर जाता येते, शिवाय वजनही बिडाच्या जवळपास निम्मे. पिस्टन माथ्याला पोहोचतो तेव्हा हेडच्या सपाट भागापासून साधारण एक मिलिमीटरचे अंतर राहावे. मिश्रण कक्षाच्या मध्याकडे उसळते आणि ठोकण्याची शक्यता घटते. तेच अंतर फार वाढवले तर गुणोत्तर कमी असूनही इंजिन ठोकू शकते.

२३/
दुसरा प्रश्न : गाडी कुठे धावणार? रस्त्यावरच्या ३५० घन इंचांच्या इंजिनाला आत घेणाऱ्या मार्गाचे आकारमान साधारण १७० ते १९५ सीसी पुरते. २२० सीसीचे हेड जाहिरातीत देखणे दिसते. सिग्नलवरून निघताना मात्र गाडी सुस्तावते. तिसरा प्रश्न कॅमशाफ्टचा. व्हॉल्व्ह जेवढा उचलला जाणार, तेवढ्या उचलीपर्यंतचाच प्रवाह उपयोगी. त्यापलीकडचे आकडे निरर्थक. उलट बाजूही आहे : कारखान्यातून आलेल्या व्हॉर्टेकला सुमारे ०.४६ इंचांहून अधिक उचल चालत नाही, आणि त्यावर बसणारा मॅनिफोल्डही वेगळा लागतो. स्वस्त हेडचा खरा खर्च हे सारे जमेस धरूनच मोजावा.

२४/
जुनेच हेड वापरायचे असेल, तर आधी ते स्वच्छ करून चुंबकीय भुकटीच्या चाचणीने तडे शोधावेत. डोळ्यांवर विसंबू नये. शिशाच्या काळातील बैठकांच्या जागी, निदान धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, कठीण पोलादी कडी बसवावी. गाडी वर्षातून चार वेळा प्रदर्शनाला जाणार असेल तर ही घाई नाही. महामार्गावर लांबचा प्रवास करणार असेल तर ती टाळू नये. असे दुरुस्तीकाम पूर्ण होईपर्यंत खर्च कित्येकदा नव्या हेडच्या किमतीला भिडतो. मग निवड पैशांची उरत नाही, पुराव्याची होते.

२५/
पुरावा कसला? शेवरोलेच्या जुन्या हेडच्या टोकाला उंटाच्या दोन वशिंडांसारखी खूण दिसते. हेच ते साठच्या दशकातील नावाजलेले घराणे. रॉकरच्या झाकणाखाली ओतकामाचा क्रमांक असतो आणि जवळच तारीख : महिन्याचे अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च, १९६९ किंवा १९७९. दशक कोणते, हे ओतकामाच्या क्रमांकाशी ताडून ठरवावे लागते. आणि ही तारीख गाडी जोडली गेल्याच्या तारखेआधीची हवी. नंतरची असेल तर हेड बदललेले आहे. ताम्रपटाची तिथी आणि लिपी पडताळणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही.

२६/
यातूनच एक पेच उभा राहतो. मूळ हेडचे मार्ग कोरून मोठे केले किंवा पृष्ठभाग तासून कक्ष लहान केला, तर ते काम परत फिरवता येत नाही. दस्तऐवजाच्या समासात लिहिलेली टीप पुसता येईल; घासून काढलेले बीड परत येणार नाही. म्हणून ज्या गाडीची जोडणी मूळची आणि क्रमांक जुळणारे आहेत, तिचे हेड काढले तर ते तेल लावून, नोंद करून जपून ठेवावे आणि वेगासाठी व्हॉर्टेक वा ॲल्युमिनियमचा आधुनिक संच बसवावा. बोल्टांची मांडणी तीच आहे. दुपारभराच्या कामाने मूळ हेड पुन्हा आपल्या जागी बसू शकते. ज्या गाडीचे मूळ हेड केव्हाच हरवले आहे, तिच्या बाबतीत एवढा संकोच नको.

२७/
१९६८ च्या कोड्याचे उत्तर आता समोर आहे. टनेल-पोर्ट हे वाईट हेड नव्हते. त्या इंजिनासाठी, त्या वळणांसाठी ते चुकीचे होते. हेमी डेटोनाच्या लांबलचक उतारांवर अजिंक्य ठरले, ऑस्ट्रेलियन क्लीव्हलँड गावातल्या रस्त्यावर, व्हॉर्टेक माल वाहताना. प्रत्येक हेड आपल्या काळाचे पेट्रोल, कायदा आणि रस्ता पोटात घेऊन ओतले गेले आहे. तेव्हा विक्रेत्याला ‘सर्वांत मोठे कोणते?’ असे विचारण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : इंजिनाचे आकारमान, पंपावर मिळणारे पेट्रोल, कॅमची उचल आणि गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर फिरणार. या चार ओळी प्रामाणिकपणे लिहिल्या, तर यादीतली निम्मी नावे आपोआप गळून पडतात.

धागा समाप्त.